कायदा शोधण्याची आणि लिहिण्याची विद्या

१

आपल्या समाजाचा आणि कागदाचा संबंध फार जुना आहे. मात्र तो कायम एकतर्फी राहिला. लिहिणारा हात दुसऱ्याचा आणि कागदावर उठणारा अंगठा आपला, अशीच त्याची रीत होती. सावकाराच्या वहीत, कुलकर्ण्याच्या दप्तरात, तलाठ्याच्या फेरफारात आणि पोलीस ठाण्याच्या डायरीत आपल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. आपण स्वतः लिहिलेले त्यात काही नव्हते. शिक्षणाने हे थोडेफार बदलले. आज आपली मुले-मुली पदवीधर होतात, कविता लिहितात, आत्मकथने लिहितात, व्यासपीठावर तासभर बोलतात. पण गावात एखादी घटना घडते, एखादी बाई रडत दारात येते, तेव्हा त्याच पदवीधराला पानभर अर्ज लिहिता येत नाही. तो अर्ज म्हणून भाषण लिहितो. भाषणाने सभा पेटते, गुन्हा नोंदला जात नाही.

मी तालुक्याच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. त्यामुळे कायद्याचे पुस्तक हातात घेताना होणारी धाकधूक मला ऐकून ठाऊक नाही, भोगून ठाऊक आहे. विधी स्वयंसेवक, म्हणजे पॅरालीगल, होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसोबत बसताना एक गोष्ट स्पष्ट होत गेली. या मुलांत कायद्याविषयी तळमळ भरपूर असते. कायदा शोधायचा कसा, वाचायचा कसा आणि त्याला धरून लिहायचे कसे, ही विद्या मात्र त्यांना कोणी दिलेली नसते. ही विद्या गूढ नाही. ती वकिलांची मिरासदारीही नाही. तिच्या काही पायऱ्या आहेत, आणि त्या क्रमाने चढता येतात. त्या पायऱ्यांची ओळख करून देणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम विधी स्वयंसेवक म्हणजे कोण, हे नीट समजून घेऊ. राज्यघटनेत १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला. पैशाअभावी किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणालाही न्याय नाकारला जाऊ नये, यासाठी मोफत कायदेविषयक साहाय्य देण्याची जबाबदारी त्याने राज्यावर टाकली. त्यातून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम आला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. या अधिनियमाच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला, स्त्रीला, बालकाला, कोठडीत असलेल्या माणसाला आणि जातीय अत्याचाराच्या बळीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अनुसूचित जातीच्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ही साधी गोष्ट आपल्या कितीतरी वस्त्यांत अजून पोचलेली नाही. ती पोचवण्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ साली विधी स्वयंसेवकांची योजना आणली. तालुक्याच्या न्यायालयात बसणारी विधी सेवा समिती आणि वस्तीतला माणूस यांच्यामधला दुवा म्हणजे विधी स्वयंसेवक.

त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाप्रमाणे न्यायालयात बाजू मांडण्याचा व्यवसाय वकिलानेच करायचा असतो. स्वयंसेवक वकीलपत्र घेत नाही, फी घेत नाही, निकालाची हमी देत नाही. मग तो करतो काय? तो हकीकत ऐकून घेतो, कागद गोळा करतो, लागू होणारा कायदा शोधतो, अर्ज लिहून देतो, तो योग्य दारी पोचवतो आणि पोच जपून ठेवतो. वकील येईपर्यंत खटल्याचा पाया घातला गेलेला असतो. तो पाया कच्चा राहिला तर पुढे कितीही हुशार वकील लाभला तरी भिंत उभी राहत नाही.

३

पहिली पायरी म्हणजे कायदा कुठे असतो, हे कळणे. आपला कार्यकर्ता ठाण्यात जाऊन म्हणतो, “अ‍ॅट्रॉसिटी लावा.” ठाणे अंमलदार विचारतो, “कोणते कलम?” येथेच बहुतेक वेळा बोलणे संपते.

कायद्याची उतरंड अशी आहे. सर्वांत वर राज्यघटना. तिच्याखाली संसदेने किंवा विधिमंडळाने केलेला अधिनियम. अधिनियमाच्या आधारे सरकारने केलेले नियम त्याखाली. त्यानंतर अधिसूचना, शासन निर्णय, परिपत्रके. आणि या सर्वांचा अर्थ लावणारे न्यायालयांचे निर्णय. आपल्या विषयापुरते बोलायचे तर अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंधक) अधिनियम १९८९ सालचा आहे, तो ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला. त्याखालचे नियम १९९५ सालचे आहेत. कार्यकर्ते अधिनियमाचे नाव घेतात, नियम मात्र उघडत नाहीत. प्रत्यक्ष उपयोगाच्या कितीतरी गोष्टी नियमांतच आहेत. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याने करायचा नाही, हे नियम ७ सांगतो. ठाण्याने फिर्याद घेतली नाही तर तिचा मजकूर लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकाकडे पाठवता येतो, हे नियम ५ मध्ये आहे. पीडिताला व साक्षीदाराला प्रवासखर्च व भत्ता मिळतो, हे नियम ११ मध्ये आहे. मजुरी बुडते म्हणून साक्षीला न गेलेला साक्षीदार आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या मजुरीची सोय कायद्याने केलेली आहे. ती मागणारा अर्ज लिहिला गेला नाही, इतकेच.

दुसरी गोष्ट तारखेची. कायदा बदलत असतो, आणि घटनेच्या दिवशी जो कायदा होता त्यानेच गुन्हा ठरतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० चे ते तत्त्व आहे. जुन्या अधिनियमात सार्वजनिक अपमानाचा गुन्हा कलम ३(१)(दहा) मध्ये होता. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली आणि तोच विषय कलम ३(१)(आर) व ३(१)(एस) मध्ये विभागला गेला. त्याच दुरुस्तीने कलम ३(२)(पाच) मधले शब्दही बदलले. पूर्वी मोठा गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘या कारणावरून’ केला, हे सिद्ध करावे लागे. आता ती त्या जातीची आहे ‘हे माहीत असताना’ केला, एवढे पुरेसे आहे.

दोन-तीन शब्दांचा हा फरक किती मोठा असतो, ते पाटण जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या २०२१ च्या निर्णयात दिसते. अनुसूचित जातीच्या एका अंध मुलीवरील बलात्काराचा तो खटला. घटना दुरुस्तीपूर्वीची होती. सर्वोच्च न्यायालयाने बलात्काराची शिक्षा आणि जन्मठेप कायम ठेवली. पण गुन्हा जातीच्या कारणावरून घडला, याचा पुरावाच खटल्यात आणला गेला नव्हता. म्हणून अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाखालील दोषसिद्धी टिकली नाही. जात, लिंग आणि अपंगत्व या गोष्टी एकाच देहावर एकत्र कशा आदळतात, याविषयी न्यायालयाने त्या निर्णयात सविस्तर लिहिले आहे. परंतु जो पुरावा सुरुवातीला नोंदला गेला नाही, तो न्यायालय मागाहून निर्माण करू शकत नाही.

१ जुलै २०२४ पासून तर फौजदारीची तिन्ही मोठी पुस्तके बदलली. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. ज्या कार्यकर्त्यांना ‘१५४ प्रमाणे एफआयआर’ तोंडपाठ होता, त्यांना आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ लक्षात ठेवावे लागेल. म्हणून विद्यार्थ्याने अर्जासाठी कोणतेही कलम वापरण्यापूर्वी वहीत तीन तारखा लिहाव्यात: घटनेची तारीख, त्या दिवशी लागू असलेल्या कायद्याची तारीख, आणि त्यानंतर त्यात दुरुस्ती झाली असल्यास तिची तारीख.

४

दुसरी पायरी म्हणजे कलम फोडून वाचणे. आपण कलम वाचतो ते कादंबरीतल्या वाक्यासारखे, एका दमात. कायद्याचे वाक्य शेंगेसारखे फोडून दाणे वेगळे करावे लागतात. कलम ३(१)(आर) घेऊ. त्यात चार दाणे आहेत. एक, आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही. दोन, पीडित त्या जाती-जमातीचा आहे. तीन, पाणउतारा करण्याच्या उद्देशाने, हेतुपुरस्सर अपमान केला किंवा धमकावले. चार, हे लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी घडले. कलम ३(१)(एस) जवळचेच आहे. त्यात जातीच्या नावाने शिवीगाळ हा दाणा येतो आणि लोकांच्या नजरेची अट तीच राहते.

आता एक कल्पित प्रसंग घेऊ. एक बाई ग्रामपंचायतीच्या हापशावर पाणी भरायला गेली. गावातल्या एकाने तिची घागर लाथाडली, जातीवरून शिव्या दिल्या आणि पाणी भरू दिले नाही. बहुतेक अर्जांत यातली शिवीच येते. पाणी अडवल्याचे ओझरते येते किंवा येतच नाही. पण कलम ३(१)(झेडए) उघडले तर दिसते की नदी, झरा, विहीर, तळे, नळ किंवा पाण्याच्या अन्य जागेचा इतरांच्या बरोबरीने वापर करण्यास अडथळा आणणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यात ‘लोकांच्या नजरेस पडेल अशी जागा’ हा दाणा नाही. म्हणजे पहाटे हापशावर दुसरे कोणीच नव्हते, म्हणून शिवीचे कलम डळमळले, तरी पाण्याचे कलम उभे राहते. एकाच हकीकतीत तीन कलमे दडलेली असतात. ती शोधणे यालाच कायद्याचे संशोधन म्हणतात.

प्रत्येक दाण्यापुढे दोन रकाने आखावेत. पहिल्यात हकीकत, दुसऱ्यात पुरावा. पीडिताची जात: दाखला आहे का? आरोपीची जात: कोणत्या कागदावरून किंवा कोणाच्या सांगण्यावरून? आरोपीला पीडिताची जात ठाऊक होती का? येथे कलम ८ मदतीला येते. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला व्यक्तिशः ओळखत असेल, तर त्याला जात ठाऊक होती असे न्यायालयाने धरून चालायचे आहे. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. पण त्यासाठी ओळख कशी व किती वर्षांची, हे कागदावर आले पाहिजे. ‘गावात सर्वांना ठाऊक आहे’ असे म्हणून भागत नाही. जो रकाना रिकामा राहतो, तो आपल्याला उद्या कुठे जायचे ते सांगतो.

‘लोकांच्या नजरेस पडेल अशी जागा’ या शब्दांचा अर्थ मात्र कलमात सापडत नाही. तो निर्णयांत सापडतो. स्वर्ण सिंग खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जागा खाजगी असली तरी ती रस्त्यावरून दिसत असेल, तर ती या व्याख्येत येऊ शकते. हितेश वर्मा खटल्यात २०२० साली असे ठरले की घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना घडलेला प्रकार या कलमात बसत नाही. म्हणून हापसा कुठे आहे, रस्त्यापासून किती पावलांवर आहे, त्या वेळी तिथे कोण होते, हे तपशील फिर्यादीत आले पाहिजेत. निर्णय वाचलेला स्वयंसेवक हे प्रश्न आधीच विचारतो. न वाचलेल्याला ते प्रश्न उलटतपासणीत ऐकावे लागतात.

५

तिसरी पायरी निर्णय वाचण्याची. येथे आपल्याच इतिहासातला एक निर्णय पाठ्यपुस्तक म्हणून घ्यावा, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. तो म्हणजे महाडच्या चवदार तळ्याचा खटला.

१९ व २० मार्च १९२७ ची परिषद आणि तळ्यावरचा मोर्चा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरची दहा वर्षे फारशी कोणाला ठाऊक नसतात. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे म्हटले, आणि महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केल्याचा ठराव केला. डिसेंबर १९२७ मध्ये, दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर, काही सवर्ण रहिवाशांनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषद २५ डिसेंबरला भरली; तळ्यावरचा सत्याग्रह निकालापर्यंत पुढे ढकलण्यात आला. महाड, ठाणे आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालय असा तो दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर या नावाने तो निर्णय कायद्याच्या अहवालांत छापलेला आहे.

आता विद्यार्थ्याला विचारावे: उच्च न्यायालयाने काय ठरवले? बहुतेक जण उत्तर देतात, ‘अस्पृश्यता बेकायदेशीर आहे असे ठरवले.’ निर्णय उघडल्यावर तसे दिसत नाही. वादींचे म्हणणे होते की अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी रूढी आहे. रूढीला कायद्याचे बळ मिळण्यासाठी ती अनादी असल्याचे सिद्ध करावे लागते, आणि सिद्धतेचा भार ती सांगणाऱ्यावर असतो. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी पुरावा तपासला. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्यापूर्वी पाण्यावर असा एकाधिकार ठेवण्याचा प्रयत्न कोणी केला असेल का, अशी शंका त्यांनी उपस्थित केली. रूढी अनादी असल्याचे वादी सिद्ध करू शकले नाहीत, म्हणून ते हरले. अशी रूढी अन्याय्य किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, या प्रश्नात जाण्याची गरज न्यायालयाला पडली नाही. तो मुद्दा खालच्या न्यायालयांत रीतसर मांडलेलाही नव्हता.

हे वाचून एखादा विद्यार्थी खट्टू होतो. खट्टू होण्याचे कारण नाही. निर्णय कसा वाचायचा, याचे पाचही धडे त्यात आहेत. वाद कोणामध्ये आहे? हकीकत काय? न्यायालयापुढचा नेमका प्रश्न कोणता? उत्तर काय? आणि त्या उत्तराला आधार कोणता? या शेवटच्या गोष्टीला वकील ‘रेशो’ म्हणतात. पुढच्या खटल्यात बंधनकारक असतो तो रेशो. बाकीची वाक्ये कितीही सुंदर असली तरी ती प्रसंगाने आलेली असतात. जो प्रश्न न्यायालयाने सोडून दिला, त्याचे उत्तर पुढे संविधानाच्या अनुच्छेद १७ ने दिले. कोणते उत्तर कोणी दिले, हे नेमके सांगता येणे म्हणजे आपल्या लढ्याचा मान कमी करणे नव्हे. उलट, सिद्धतेच्या भाराचा मुद्दा किती धारदार हत्यार आहे, ते याच खटल्यात दिसते.

निर्णय जिवंत आहे की नाही, हेही पाहावे लागते. २० मार्च २०१८ रोजी सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची आणि अटकेपूर्वी मंजुरीची अट घातली. २ एप्रिलला देशभर बंद झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कलम १८-अ घालून या दोन्ही अटी दूर केल्या. १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते निर्देश मागे घेतले, आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी पृथ्वीराज चौहान खटल्यात कलम १८-अ वैध ठरले. कोणी २०१८ चा निर्णय तोंडावर फेकला, तर त्यापुढच्या तीन तारखा आपल्याजवळ तयार हव्यात. त्याच वेळी हेही प्रामाणिकपणे नोंदवावे की, फिर्यादीतून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर अटकपूर्व जामिनावरील बंदी लागू होणार नाही, असे २०२० च्या निर्णयात म्हटले आहे. आपल्याला गैरसोयीचा भाग लपवून ठेवणारा संशोधक समोरच्या वकिलाचे काम सोपे करतो. आणि त्यातूनच फिर्याद नीट लिहिण्याचे महत्त्व पुन्हा अधोरेखित होते.

हे सारे कुठे मिळते? केंद्राचे अधिनियम सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर मोफत आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निर्णय २०२३ पासून ‘ई-एससीआर’वर विनामूल्य पाहता येतात, आणि काही निर्णयांचे मराठी अनुवादही उपलब्ध होत आहेत. नागपुरातून निघणारे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे खंड जिल्ह्याच्या वकील संघाच्या ग्रंथालयात असतात. इंग्रजीचे दडपण येते, हे खरे. अनुच्छेद ३४८ मुळे वरच्या न्यायालयांची भाषा अजून इंग्रजीच आहे. पण तालुका व जिल्हा न्यायालयांचे काम महाराष्ट्रात मराठीत चालते. दोन जणांनी मिळून रोज एक पान वाचले, अडलेले शब्द वहीत उतरवले, तर वर्षभरात निर्णयाची इंग्रजी परकी राहत नाही. तिचा शब्दसंग्रह मर्यादित आहे आणि तेच तेच शब्द पुन्हा येतात.

६

चौथी पायरी लेखनाची. आपल्याकडचा नेहमीचा अर्ज असा असतो: “गावातील काही जातीयवादी गुंडांनी आमच्या समाजाच्या महिलेस जातिवाचक शिवीगाळ करून अमानुष अत्याचार केला. त्यामुळे समाजाच्या भावना तीव्र आहेत. आरोपींवर कठोर कारवाई व्हावी, अन्यथा आंदोलन छेडण्यात येईल.” यात संताप खरा आहे. पण कोणी, कोणाला, कधी, कुठे, काय म्हटले, यातले एकही उत्तर नाही. ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ हा निष्कर्ष आहे. निष्कर्ष काढणे हे न्यायालयाचे काम. आपण हकीकत द्यायची.

तोच मजकूर असा लिहिता येतो: “मी अनुसूचित जातीची आहे, दाखल्याची प्रत जोडली आहे. ‘अ’ हा आमच्या गावात राहतो. मी नांदायला आल्यापासून तो मला व माझ्या घरच्यांना ओळखतो. तो अनुसूचित जाती-जमातीचा नाही. अमुक तारखेला सकाळी सातच्या सुमारास मी ग्रामपंचायतीच्या हापशावर गेले. हापसा देवळासमोर, रस्त्याच्या कडेला आहे. ‘अ’ने माझी घागर पायाने लोटली. तो मला अमुक शब्द बोलला. तेव्हा ‘ब’ व ‘क’ या तिथे पाणी भरत होत्या. त्यांनी हे पाहिले व ऐकले. मी पाणी न भरता परत आले.” प्रत्येक वाक्य कलमाच्या एकेका दाण्याला भिडते. विशेषणे एकही नाही, आणि तरीही वाचणाऱ्याला ती रिकामी घागर दिसते.

‘अमुक शब्द’ असे मी येथे लिहिले. फिर्यादीत मात्र ते शब्द जसे उच्चारले गेले तसेच, त्याच बोलीत, अवतरणचिन्हांत आले पाहिजेत. आपले सुशिक्षित कार्यकर्ते येथे लाजतात आणि शिवी पुसून टाकतात. गंमत अशी की याच पिढीने दलित साहित्याची बाजू घेताना वस्तीची कच्ची, ओरखडे काढणारी भाषा छापील पानावर आलीच पाहिजे, असा आग्रह धरला. जी भाषा कवितेत आणण्यासाठी आपण प्रस्थापितांशी भांडलो, ती फिर्यादीत सोवळी का व्हावी? पुसलेली शिवी म्हणजे नष्ट केलेला पुरावा.

आणखी काही नियम. हकीकत काळाच्या क्रमाने लिहावी. एका परिच्छेदात एकच गोष्ट असावी. जे पाहिले ते आणि जे ऐकीव आहे ते वेगळे ठेवावे. फिर्याद द्यायला उशीर झाला असेल तर कारण लिहावे: दवाखाना, भीती, गाडी नसणे, जे खरे असेल ते. साक्षीदार नसेल तर नाही असेच लिहावे. वजन यावे म्हणून एक शब्दही वाढवू नये. वाढवलेला एक शब्द खोटा ठरला की खरे दहा शब्द त्याच्यासोबत वाहून जातात, आणि त्याची किंमत स्वयंसेवक नव्हे, ती बाई मोजते. तिची संमती घेतल्याशिवाय कागद पुढे जाऊ नये, आणि तिची हकीकत चावडीवर चर्चेला येऊ नये.

लिहून झाल्यावर मजकूर तिला मोठ्याने वाचून दाखवावा. तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर सही घेण्यापूर्वी ती वाचून दाखवणे, गुन्हा नोंदवणे आणि प्रत लगेच देणे ही पोलिसांची कर्तव्ये आहेत, असे अधिनियमाचे कलम ४ सांगते. ती हेतुपुरस्सर टाळणाऱ्या, स्वतः अनुसूचित जाती-जमातीच्या नसलेल्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद आहे. जे पोलिसांकडून मागायचे, ते आधी आपण पाळावे.

ठाण्याने गुन्हा नोंदला नाही तर? ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर नोंद बंधनकारक ठरवली. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तीन ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी प्राथमिक चौकशीची मुभा आहे, असे कोणी सांगेल. तेव्हा अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाचे कलम १८-अ आणि इतर कायद्यांवर या अधिनियमाला वरचढ ठरवणारे कलम २० एकत्र वाचून आपला युक्तिवाद मांडता येतो. मग कलम १७३(४) व नियम ५ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवावा आणि टपालाची पावती अर्जाच्या प्रतीला जोडून ठेवावी. त्यापुढची पायरी विशेष न्यायालयाची. तिथे विधी सेवा समितीकडून वकील मागावा.

गुन्हा नोंदला म्हणून फाईल बंद करू नये. कलम १५-अ प्रमाणे जामिनासह प्रत्येक कामकाजाची वेळेवर सूचना मिळणे आणि तिथे आपले म्हणणे मांडणे हा पीडिताचा हक्क आहे. हरिराम भांभी खटल्यात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क बंधनकारक मानला आणि पीडिताला सूचना न देता दिलेला जामीन रद्द केला. ‘मला सूचना द्यावी’ असा अर्धा पानाचा अर्ज सुरुवातीलाच देऊन ठेवणे एवढेच काम आहे.

७

ही विद्या शिकवायला इमारत लागत नाही. समाजमंदिरात किंवा महाविद्यालयाच्या रिकाम्या वर्गात आठवड्यातून दोन तास पुरतात. तीन वह्या ठेवाव्यात. एका वहीत कलमे फोडून लिहावीत. दुसऱ्या वहीत निर्णय, पाच प्रश्नांच्या उत्तरांसह. तिसऱ्या वहीत अर्जांचे मसुदे, नावे काढून. प्रत्येक मसुदा दुसऱ्या विद्यार्थ्याने ठाणे अंमलदाराच्या आणि तिसऱ्याने आरोपीच्या वकिलाच्या नजरेने वाचावा आणि भोके दाखवावीत. वर्गातल्या मुलींनी या कामात पुढे असावे, कारण वस्तीतली बाई जे मुलांपुढे बोलत नाही, ते त्यांच्यापुढे बोलते. दर महिन्याला एखाद्या जाणत्या वकिलाला बोलावून वह्या तपासून घ्याव्यात.

पहिल्या तासाला कलम ३ आणि कलम ४ यांच्या छापील प्रती सर्वांच्या हातात द्याव्यात, आणि हापशाचा प्रसंग सांगून अर्ज लिहायला बसवावे. पहिला मसुदा भाषणासारखाच येईल. तो फाडू नये. तारीख घालून वहीत ठेवावा, आणि सहा महिन्यांनी त्याच विद्यार्थ्याकडून तोच अर्ज पुन्हा लिहून घ्यावा.